सोबतीचा रकाना

द्वारकाला दवाखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांसाठी ती ‘कम्प्यूटरवाल्या मॅडम’. औरंगाबादेतला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातला, एका ट्रस्टचा हा दवाखाना. केसपेपरच्या खिडकीमागं एक लांबट खोली होती आणि तिथं एक जुना एएस-फोर हंड्रेड कम्प्यूटर घुमत असायचा. वाळूजच्या एका कारखान्यानं नवं मशीन घेतलं तेव्हा हे जुनं दान म्हणून दिलेलं. त्याला गारवा लागे म्हणून त्या खोलीत एसी होता, आणि उन्हाळ्यात निम्मा स्टाफ काही ना काही निमित्त काढून तिथं येऊन उभा राही.

द्वारका त्याच कारखान्यात ते मशीन चालवायची. मशीन दवाखान्यात आलं, पण ते चालवणारं कुणी नव्हतं, म्हणून तिला विचारलं आणि ती आली. कारखान्यानं मशीनसोबत मॅडमही दान दिल्या, असं लोक हसत म्हणायचे. तीही हसायची.

ती लासूर स्टेशनची. वडील तिथल्या मोंढ्यात धान्य मापणारे मापाडी होते. गल्लीतल्या पोरींची लग्नं दहावीनंतर उरकत असताना ही रोज सकाळच्या गाडीनं शहरातल्या कॉलेजात जाऊन बी.एस्सी. झाली, मग कम्प्यूटरचा कोर्स केला. कारखान्यात टाइप करायला लागली आणि दोन वर्षांत, कपाटात पडलेली जाड इंग्रजी पुस्तकं वाचून वाचून, आर.पी.जी. शिकली. आर.पी.जी. ही धंद्याच्या कामासाठी बनवलेली भाषा. माल, माणसं, नोंदी यांच्या प्रोग्रामांसाठी. तिच्यात कसला तोरा नव्हता आणि द्वारकाला ती तेवढ्यासाठीच आवडली. लग्नाचं दोनदा जमत आलं होतं. मग वडील गेले, आई आजारी पडली, आणि तो विषय आपोआपच मागं पडला.

आईचं नाव आवडाबाई. शहाण्णव साली ती एका मोठ्या सरकारी दवाखान्यात एक्केचाळीस दिवस होती. द्वारका ते सगळे दिवस कॉटखाली सतरंजी टाकून झोपली. तिथं तिनं एक गोष्ट पाहिली ती तिच्या मनातून कधी गेली नाही. ज्या पेशंटजवळ माणूस होतं त्याची सलाइन संपली की कुणीतरी पळत जायचं. ज्याच्याजवळ नव्हतं त्याचा चहा उशाशी तसाच गार व्हायचा. आई त्या दुखण्यातून उठली नाही. पण तिच्या उशाशी चहा एकदाही गार झाला नाही, एवढं समाधान द्वारकाजवळ होतं.

म्हणूनच, नव्या दवाखान्यात पेशंट भरती करण्याचा प्रोग्राम लिहिताना तिनं ‘सोबत कोण’ हा रकाना सक्तीचा केला. नाव, वय, गाव, वॉर्ड, आणि सोबतच्या माणसाचं नाव. हे भरल्याशिवाय स्क्रीन पुढं सरकायचीच नाही. तिला वाटलं होतं, कम्प्यूटरनंच अडवलं तर माणसं आपल्या माणसाला एकटं टाकून जाणार नाहीत.

तीन वर्षं असंच चाललं. दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी खिडकीवरचा प्रिंटर अडकला म्हणून ती तिथं गेली. खिडकीवर रामकिसन बसायचा. माणूस कामाला चोख, पण पुढं मोठी रांग दिसली की त्याचा आवाज चढायचा. त्याच्यासमोर एक म्हातारी उभी होती, दगडाबाई नावाची. पोटावर दोन्ही हात दाबून धरलेले. सोबत कोण आहे, असं तो विचारत होता, आणि ती कोणी नाय म्हणत होती. शेवटी तो म्हणाला, “मावशी, बसा तिकडं बाकावर. कोणी आलं की या. कम्प्यूटर घेतच नाही, मी काय करू?”

म्हातारी बाकावर जाऊन बसली. शेजारच्या बाईनं द्वारकाला सांगितलं की ती कालही येऊन बसली होती.

द्वारकाच्या हातातला कागद हातातच राहिला. कम्प्यूटर घेत नव्हता म्हणजे ती स्वतःच घेत नव्हती. तिनं रामकिसनला उठवलं, खुर्चीत बसली आणि त्या रकान्यात स्वतःचं नाव टाकून दगडाबाईला भरती करून घेतलं. मग आत जाऊन तिनं मागच्या तीन वर्षांच्या नोंदी काढल्या. सोबतच्या रकान्यात कुठं नुसत्या रेघा होत्या, कुठं ‘स्वतः’, कुठं ‘देव’ असं लिहिलेलं. एकोणतीस ठिकाणी खुद्द रामकिसनचं नाव होतं. रांग लांबली की कधी तो स्वतःचंच नाव घालून माणूस आत घ्यायचा, पण साहेब रागावतील म्हणून कधी बोलला नव्हता. त्याच्याविषयी तिच्या मनात जी अढी होती ती त्या दिवशी गेली.

रकाना ऐच्छिक करायचा, असं तिनं ठरवलं.

काम तसं छोटं होतं. भरतीची स्क्रीन सगळी माहिती गोळा करून एका प्रोसिजरकडं सोपवायची. प्रोसिजर म्हणजे प्रोग्रामातला एक कामकरी तुकडा. तो नोंद साठवून केसपेपर आणि सोबतच्या माणसाचा गेटपास छापायचा. त्याच्या हाती जी माहिती द्यायची तिला पॅरामीटर म्हणतात. आतापर्यंत सगळे पॅरामीटर देणं भाग होतं. आर.पी.जी.मध्ये एखादा पॅरामीटर ‘दिला तर दिला, नाही तर नाही’ असा करता येतो, फक्त तो यादीच्या शेवटी असावा लागतो. तिनं सोबतीचं नाव उचलून शेवटी नेलं, त्याला तशी सूट दिली, आणि आत एक ओळ लिहिली: नाव कोरं असेल तर पास छापू नये. चार वेळा चालवून पाहिलं. नीट चाललं. सोमवारी नवा प्रोग्राम लागला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी रामकिसन दोन गेटपास घेऊन खोलीत आला. गेटवरच्या वॉचमननं ते त्याच्याकडं पाठवले होते. एकाच बाईजवळ दोन पास कसे, असं तो विचारत होता. दोन्हींवर नाव सरूबाई. एक हाडांच्या वॉर्डातल्या चौदा नंबरच्या पेशंटचा, दुसरा सतरा नंबरचा. रामकिसन म्हणाला, “मॅडम, सतराचा म्हातारा मीच भरती केला. एकटा होता. जीपवाले सोडून गेले. नाव मी टाकलंच नाही, शप्पथ.”

द्वारकाला कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चूक तिच्या डोळ्यांपुढं उभी होती. नाव कोरं आहे का, एवढंच तिनं प्रोसिजरला विचारायला लावलं होतं. नाव आलंय का, हे विचारलंच नव्हतं. जो पॅरामीटर दिलाच नाही, तो कोरा नसतो. त्याच्या जागी आधीच्या वेळचं जे काही पडलेलं असेल ते प्रोसिजर उचलते. ती एकटी बसून तपासत होती तेव्हा त्या जागी योगायोगानं काहीच नव्हतं. खिडकीवर मात्र एकामागं एक माणसं होती. सरूबाईच्या नवऱ्याला भरती केलं, आणि त्याच्या पाठोपाठ हा म्हातारा आला. त्याला सरूबाई लागली.

प्रोसिजरच्या हाती किती पॅरामीटर आले हे मोजून सांगायची सोय भाषेतच होती. एका ओळीचं काम होतं, आणि तीच ओळ राहिली होती.

तिनं सोमवारपासूनच्या नोंदी काढल्या. एकटे आलेले सात जण होते. सहा जणांच्या कागदावरचं सोबतीचं नाव सिस्टरांनी रामकिसनचीच गफलत समजून पेनानं खोडलं होतं. सातवा म्हणजे सतरा नंबर. नाव आप्पा, खुलताबादच्या डोंगरातला मेंढपाळ, मांडीचं हाड मोडलेलं. उद्या सकाळी ऑपरेशन. आणि ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर नातेवाइकाच्या जागी सरूबाईचं नाव छापून गेलं होतं.

ती आधी मोठ्या डॉक्टरांकडं गेली आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. ते रागावले, रागवण्यासारखंच होतं. संमतीचा कागद त्यांनी तिच्यासमोर रद्द करायला लावला, पेशंट शुद्धीवर आहे, त्याचीच सही घेऊ म्हणाले, आणि बाकीचं तुम्ही निस्तरा म्हणाले. ती जिना चढून वॉर्डात गेली. जिचा त्या म्हाताऱ्याशी काही संबंध नाही अशा बाईला तीन दिवस त्रास झाला असेल, ती आता तोंडाला येईल ते बोलेल, असं ती धरून चालली होती.

सतरा नंबरपाशी एक पस्तिशीची बाई स्टुलावर बसून भाकरी दुधात कुस्करत होती. हाताला माती धरलेल्या जुन्या भेगा. ती कन्नडकडच्या शेतकरी घरातली. नवरा, कारभारी नावाचा, ट्रॉलीवरून पडला होता. पाय प्लास्टरमध्ये घालून चौदा नंबरवर पडून होता. म्हातारा उशीला टेकून एकेक घास सावकाश गिळत होता.

वॉर्डाच्या आशा सिस्टरांनी द्वारकाला बाजूला घेऊन झालं ते सांगितलं. सोमवारी त्यांनी कागद बघून सतराच्या सोबत कोण म्हणून पुकारलं, सरूबाईचं नाव घेतलं. ती म्हणाली माझा माणूस चौदाला आहे. यांनी कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, दवाखान्याची तशी रीतच असेल, एका बाईला दोन पेशंट लावून देत असतील. तिनं पदर खोचला आणि दोन्ही बाटल्या पाण्यानं भरून आणल्या. तेव्हापासून दोघांचं करत होती.

द्वारका स्टुलाशेजारी उभी राहिली.  तिनं सरळच सांगितलं. कागदावर तुमचं नाव चुकून छापलं गेलं, ती मशीनची नव्हे, माझी चूक आहे, या आप्पांचं काही तुमच्याकडं नव्हतं.

सरूबाईचा हात वाटीत थांबला. “म्हंजी ह्यांना माझ्याकडं दिलेलं नाय?”

“नाही.”

आप्पांनी तोंड भिंतीकडं वळवलं. भिंतीकडंच बघत ते हळू म्हणाले, “मला वाटलं, सरकारनं लावून दिली. तसं नसतं तर मी घेतलं नसतं, बाई. रोज तुझ्या हातानं घेत गेलो.”

त्या आवाजातली लाज द्वारकाला सोसवेना. तिला पहिल्यांदाच नीट उमगलं, की माणूस एकटा असतो तेव्हा त्याला मदतीपेक्षा आधी परवानगी हवी असते, दुसऱ्याचं घ्यायची. ती कागदातून मिळाली होती, आणि आता आपण ती काढून घ्यायला आलो आहोत. ती घाईनं म्हणाली, की नाव आजच काढते, रकाना कोरा करते, सिस्टर आयाबाईंना सांगतील.

सरूबाईनं वाटी खाली ठेवली नाही. “कोरा कशापायी करता?” ती म्हणाली. “चुकून का हुईना, आलंय तर राहू द्या. तुम्ही पुसलं तर उद्या मी हितं बसले की सिस्टर म्हणतील, तुझं काय काम.”

चौदा नंबरवरनं कारभारी, जो तोवर छताकडं बघत पडला होता, म्हणाला, “राहू द्या मॅडम. बाटली भरायला ती खाली जातीच. एक काय, दोन काय.”

“आप्पा?” द्वारकानं विचारलं. “तुम्हाला चालेल? तुम्ही नाही म्हणालात तर मी नाव काढीन.”

 आप्पांनी मान वळवली, सरूबाईकडं नाही, तिच्या हातातल्या वाटीकडं बघितलं आणि ते म्हणाले, “चालंल.”

खाली येऊन द्वारकानं ती राहिलेली ओळ लिहिली. पॅरामीटर आधी मोजायचे, मगच नावाला हात लावायचा. या वेळी तिनं खिडकीवर होतं तसंच करून पाहिलं: एक नावासह, एक नावाशिवाय, पुन्हा नावासह, पुन्हा नावाशिवाय, एकामागं एक चाळीस वेळा. कुणाचं नाव कुणाला चिकटलं नाही. मग तिनं सतरा नंबरची नोंद उघडली, चुकून आलेलं नाव पुसलं, आणि त्याच जागी हातानं पुन्हा टाइप केलं: सरूबाई. पुढं कम्प्यूटर नातं विचारत होता. ते विचारायला ती परत वर गेली तेव्हा सरूबाई म्हणाली, “शेजारीण लिवा. तीन खाटांचं तर अंतर हाय.”

ऑपरेशन गुरुवारी झालं आणि चांगलं झालं. संमतीवर आप्पांचा अंगठा होता. बाहेर बाकावर सरूबाई बसली होती, शेजारी द्वारका. ऑफिस सोडून ती तिथं का बसली हे तिला कुणी विचारलं नाही.

त्या तासाभरात सरूबाईनं तिला आप्पांचं सगळं सांगितलं. बायको म्हाळसाबाई दहा वर्षांपूर्वी गेली, मूल नाही. एक पुतण्या आहे, फकिरा, पण तो दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदावरीकडं उतरला, आता तो कुठल्या शिवारात असेल ते कुणाला ठाऊक. आप्पा वयामुळं मागं राहिले आणि टेकडीवरून घसरले. खिडकीवर मात्र यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. रामकिसननं रकाना रिकामा सोडून पुढं ढकललं होतं, आणि त्याची तरी काय चूक; आता सोडता येत होतं, म्हणून त्यानं सोडलं.

हे ऐकताना द्वारकाला आपलं काम अजून अर्धंच झाल्याचं लक्षात आलं. सक्ती काढली तसं विचारणंही निघून गेलं होतं. आर.पी.जी.मध्ये पॅरामीटर न देण्याच्या दोन तऱ्हा असतात: दिलाच नाही ही एक, आणि मुद्दाम ‘नाही’ म्हणून दिला ही दुसरी. पुढच्या आठवड्यात तिनं दोन्ही वापरल्या. खिडकीवर विचारलंच नसेल, तर केसपेपरवर ‘विचारायचे आहे’ असं छापून येई आणि वॉर्डातल्या सिस्टरांनी पेशंटजवळ बसून विचारायचं. विचारून कोणी नाही असं कळलं, तर त्या वॉर्डाच्या आयाबाईंचं नाव छापून येई, पेशंट घरी जाईपर्यंत. मोठ्या डॉक्टरांनी सुरुवातीला आयाबाईंचं काम वाढेल म्हणून हरकत घेतली. आयाबाईंनी घेतली नाही. कागदावर आपलं नाव छापून येतं म्हटल्यावर त्यांतल्या दोघी तर खिडकीवर येऊन बघून गेल्या.

कारभारीला त्याच्या पुढच्या शनिवारी घरी सोडलं. सरूबाई खाली द्वारकाच्या खोलीत आली, गारव्यानं पदर अंगाभोवती गुंडाळून उभी राहिली, आणि आता माझं नाव काढा म्हणाली. आप्पांना अजून पाच दिवस होते. “कोणाचं तरी टाका मात्र,” ती म्हणाली. “मी त्यांला सांगून आलेय, की टाकतील म्हणून.”

द्वारकानं तिच्यासमोरच स्वतःचं नाव टाकलं. नात्याच्या जागी थोडा वेळ थांबून ‘ओळखीच्या’ असं लिहिलं.

ते पाच दिवस ती दुपारचा डबा वर घेऊन जायची. आप्पा फारसं बोलत नसत. मेंढरांचं मात्र बोलत. लंगडी मेंढी कळपात कुठं चालते, पाऊस यायच्या आधी मेंढरं कशी अंग मिळवून उभी राहतात. तिनं एकदा विचारलं, की सरूबाईची आठवण येते का. ते म्हणाले, “येती की. लई कडक बाई. दूध सांडलं की रागवायची.” राउंडला आलेल्या एका नव्या डॉक्टरनं या कोण म्हणून विचारलं, तर आप्पांनी सांगितलं, “पहिली शेतावरली होती. ही कम्प्यूटरवाली हाय.”

पाचव्या दिवशी द्वारकानं त्यांना खुलताबादच्या जीपमध्ये बसवून दिलं. सोबत रामकिसन गेला. त्यानं स्वतःहून सुट्टी टाकली होती. मकर संक्रांतीच्या सुमाराला फकिराचा निरोप आला, की म्हातारा काठी घेऊन वाड्यापर्यंत चालतो, म्हणजे मेंढरांच्या वाड्यापर्यंत, आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना कामं सांगतो.

तो कम्प्यूटर दोन हजार चौदापर्यंत चालला. मग नवी सिस्टिम आली. ती बसवायला आलेल्या पुण्याच्या पोरांनी मीटिंगमध्ये रकान्यांची यादी वाचायला घेतली. कुठला सक्तीचा, कुठला ऐच्छिक, एवढंच त्यांना हवं होतं. सोबतीच्या रकान्यापाशी आल्यावर द्वारका म्हणाली की हा दोन्ही नाही, इथं तीन उत्तरं लागतात: आहे, नाही, आणि अजून विचारलेलं नाही. मुलगा म्हणाला की मॅडम, साधा रकाना आहे, एवढं कशाला. तेव्हा द्वारकानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि त्याला सतरा नंबरपासून सांगायला सुरुवात केली. जेवणाची सुट्टी टळून गेली, तरी त्या खोलीतून कुणी उठलं नाही.